दहा लाख: डिग्रीला की भावाच्या वर्कशॉपला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळच्या गावातल्या एक ताई पुण्यात नोकरी करतात. धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झाला, सीईटीला ५८ पर्सेंटाइल मिळाले. पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळतेय. फी वर्षाला १ लाख २० हजार, होस्टेल आणि मेस ९० हजार. लॅपटॉप, परीक्षा, प्रवास धरून चार वर्षांत साडेनऊ-दहा लाखांचा खर्च. वडील दोन वर्षांत निवृत्त होणार, त्यामुळे कर्ज काढलं तरी फेडायचं ताईंनाच. भाऊ म्हणतो, "एवढे पैसे कॉलेजच्या घशात घालण्यापेक्षा मला दे, मी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकतो." ताईंचा सवाल: पैसे डिग्रीला लावावेत की धंद्याला? आणि डिग्री नसली तर पुढे त्याचं अडेल का?

मी कराडात कर सल्लागार आहे. छोट्या धंदेवाल्यांचे रिटर्न, जीएसटी आणि बँकेसाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट हे माझं रोजचं काम. फॅब्रिकेशनवाले, टर्निंगवाले, पोल्ट्रीवाले, हॉटेलवाले असे सगळे माझ्या टेबलासमोर बसतात, आणि त्यांची पोरं कुठे शिकतात, काय करतात हेही कानावर पडत असतं. म्हणून मी पैशाच्या बाजूने सांगतो. भावाचा स्वभाव तुम्हाला माहीत, मला नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे, ते पुढे येईलच.

ताई, आधी एक गोष्ट. तुम्ही दोन्हीकडे दहा लाख मांडलेत, पण हे दोन दहा लाख सारखे नाहीत. कॉलेजचे पैसे वर्षावर्षाने जातात. पहिल्या वर्षी पाच विषय राहिले, पोराचं मन लागत नाही असं दिसलं, तर दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी थांबता येतं. अडीच लाख गेले, बाकीचे वाचले. वर्कशॉपचे पैसे पहिल्या तीन महिन्यांत जातात. गाळ्याचं डिपॉझिट, थ्री फेज कनेक्शन, वायरिंग, वर पत्रा, मशीन, बोर्ड, उद्घाटन. सहा महिन्यांनी बंद करायची वेळ आली तर मशीन निम्म्या किमतीला विकलं जातं, डिपॉझिट मालक रडतखडत देतो, बाकीचं गेलं ते गेलं. म्हणून "डिग्री की धंदा" याच्याआधी मी विचारतो की पैसे कधी जाणार आणि मध्येच थांबता येईल का. माझं पुढचं सगळं उत्तर या एका प्रश्नावर उभं आहे.

आता डिग्रीचा हिशेब. समजा तुम्ही ८ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, दरवर्षी दोन लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटतं व्याजही नसतं. व्याज चालूच असतं. पहिले दोन लाख पाच वर्षं उभे राहतात, दुसरे चार वर्षं, मग तीन, मग दोन. मधल्या काळात व्याज भरलं नाही तर सरळ व्याजानेच ते २ लाख ९४ हजार होतं. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज जवळपास ११ लाखांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण १४,८०० रुपये. आमच्या भागातून अशा कॉलेजातून मेकॅनिकल करून चाकणला किंवा रांजणगावला लागलेल्या मुलांच्या पगाराच्या स्लिपा मी बघतो. सुरुवात १८ ते २५ हजारांत होते, बऱ्याचदा कंत्राटदाराच्या रोलवर. खोलीभाडं आणि डबा गेल्यावर त्यातून १४,८०० निघत नाहीत. म्हणजे हप्ता तुमच्या पगारातून जाणार, हे आत्ताच धरून चाला.

यावर लगेच "मग डिग्री नकोच" असं म्हणू नका, कारण खर्चाचा हा आकडा बराच खाली येऊ शकतो. मी आधी विचारेन, ही जागा कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळतेय की कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून? फॉर्म भरताना घाईत लोक हे बघत नाहीत. कॅपमधून प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत खुल्या प्रवर्गातल्या मुलाचीही निम्मी ट्युशन फी सरकार भरतं. राखीव प्रवर्ग असेल तर त्यांच्या वेगळ्या योजना आहेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना तर पूर्ण फीची सवलत मिळते. कोट्यातून जागा घेतली की हे सगळं सुटतं. दुसरं, पुणंच का? सांगली, कराड, इस्लामपूर पट्ट्यात कॉलेजं कमी नाहीत. ५८ पर्सेंटाइलला वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी मिळणार नाही हे खरं, पण जे खासगी कॉलेज पुण्याबाहेर मिळतंय त्याच तोडीचं घराजवळ मिळतं. एसटीचा पास काढून जाऊन-येऊन केलं तर होस्टेल-मेसचे ३ लाख ६० हजार वाचले. निम्म्या फीचे आणखी सव्वादोन लाख. तीच डिग्री चार लाखांच्या आसपास येते. दहा लाखांना जी डिग्री मी घेऊ नका म्हणतोय, तीच चार लाखांत मिळत असेल तर माझा विरोध बराच मावळतो. पुण्याचं म्हणाल, तर तिथल्या बऱ्याच कॉलेजांची फी आपण शिक्षणापेक्षा "पोरगं पुण्याला आहे" एवढं सांगण्यासाठी भरतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता भावाच्या बाजूला वळू. फॅब्रिकेशन हा चांगला धंदा आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे रेलिंग, गोठ्याची शेड, पोल्ट्रीचं स्ट्रक्चर यांना आपल्याकडे मरण नाही. पण त्यात पैसा कुठे असतो आणि कुठे अडकतो, हे त्याला माहीत आहे का ते बघा. एका साध्या गेटचा हिशेब मांडतो. आकडे समजा म्हणून घ्या, लोखंडाचा दर वरखाली होतो.

गेट भरलं १८० किलो. गिऱ्हाइकाला मटेरियलसकट ११५ रुपये किलोने दर दिला, म्हणजे बिल २०,७०० रुपये. पाइप आणि पट्टी तुकडे-घट धरून १८९ किलो लागली, ६८ रुपयांनी १२,८५० रुपये. रॉड, कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील, प्रायमर, रंग, लाइट बिल मिळून १,५००. वेल्डर आणि हेल्पर दोन दिवस, २,६००. टेम्पो ८००. खर्च झाला १७,७५०. उरले २,९५०. आता गिऱ्हाईक काय करतं? दहा हजार ॲडव्हान्स, गेट बसवल्यावर आठ हजार, आणि "राहिलेलं वास्तुशांतीनंतर बघू." राहिलेले किती? २,७००. म्हणजे जवळपास त्याचा सगळा नफा. कारागिराची मजुरी सुटली, दुकानदाराचं लोखंड सुटलं, टेम्पोवाल्याचं भाडं सुटलं, मालकाचे पैसे मात्र गिऱ्हाइकाच्या खिशात. वास्तुशांतीचं जेवणही तो जेवून येतो आणि पैसे मागायला लाजतो.

माझ्याकडच्या ज्या फॅब्रिकेशनवाल्यांचं बरं चाललंय, त्यांचं वेल्डिंग इतरांपेक्षा फार सुंदर आहे असं नाही. ते माप घेतानाच वजनाचा अंदाज बरोबर बांधतात, लोखंडाचा दर चढायला लागला की कोटेशनवर "दर आठ दिवसांपुरता" असं लिहितात, आणि गेट टेम्पोतून उतरवण्याआधी पैसे घेतात. एक जण तर बिजागरीची पिन शेवटचा हप्ता मिळाल्यावरच ठोकतो. गेट उभं दिसतं, पण उघडत नाही. गिऱ्हाईक हसतं आणि पैसे काढतं. या युक्त्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. पण गाळ्याला कुलूप-किल्ली लावून, पाटीला हार घालूनही त्या आपोआप येत नाहीत. अठराव्या वर्षी, हातात बहिणीचे दहा लाख घेऊन तो त्या शिकणार म्हणजे तुमच्या पैशाने शिकणार.

आणि एक सांगतो, छोट्या फॅब्रिकेशनला दहा लाख लागतच नाहीत. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दोन, कटिंग मशीन, ड्रिल, ग्राइंडर, छोटा कॉम्प्रेसर आणि हत्यारं दीड लाखाच्या आत बसतात. मोठा खर्च जागेचा आणि उधारीत अडकणाऱ्या भांडवलाचा. ज्याला दहा लाख आयते मिळतात तो दीड लाखाच्या जागी चार लाखांची मशीन घेतो, एमआयडीसीत मोठा गाळा भाड्याने घेतो, आणि पहिलं काम यायच्या आधी महिन्याला वीस-पंचवीस हजारांचा खर्च अंगावर घेऊन बसतो. पैसे जास्त असल्यामुळे बुडालेली दुकानं मी कमी असल्यामुळे बुडालेल्या दुकानांइतकीच पाहिली आहेत.

तुमचा भाऊ कदाचित म्हणेल, आपल्या भागातली माणसं कुठे शिकली होती? त्याचं खरं आहे, आणि त्यातच त्याचं उत्तर आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाईची परंपरा तुम्हाला मी काय सांगायची. सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायला आपली माणसं केरळ, तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत पसरली आहेत, आणि त्यातल्या पहिल्या पिढ्यांना शाळेचंही शिक्षण पुरतं नव्हतं. पण गलाईवाल्याचं पोरगं गावातून उठून थेट स्वतःचं दुकान टाकत नव्हतं. आधी भावकीतल्या नाहीतर नात्यातल्या कोणाच्या तरी दुकानात काही वर्षं राबायचं. झाडलोट, भट्टी, ॲसिड, कस बघणं, तिथली भाषा, कुठला सराफ वेळेवर पैसे देतो आणि कुठला फिरवतो, हे सगळं शेटच्या पैशावर शिकायचं. मग शेटच कुठल्या तरी गावात जागा दाखवायचा. ते शिक्षणच होतं, फक्त फी उलट दिशेने यायची. तुमच्या भावाला डिग्री सोडायची असेल तर सोडू दे, पण ही पायरीही सोडायची म्हणतोय का, ते त्याला विचारा.

डिग्री नको म्हणणारी मुलं मोठमोठ्या उद्योगपतींची नावं फेकतात. तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. चित्रकला शिकायला ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, रंगांधळेपणामुळे ते सोडावं लागलं, मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईतल्याच व्हीजेटीआय या तांत्रिक संस्थेत शिकवायला लागले. बेळगावात सायकली विकल्या, नांगर केले. म्हणजे कारखान्याआधी त्यांच्याजवळ ड्रॉइंग, शिकवणं आणि विक्री या तिन्हींचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. आणि मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं. ही अर्धी गोष्ट पोरं सांगत नाहीत.

डिग्री नसली तर अडतं का? काही ठिकाणी साफ अडतं. एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठल्याही शाखेची का असेना, पदवी लागते. बँकेच्या परीक्षांना लागते. धंद्यातही काही दारं कागदावरच उघडतात. औषधाचं दुकान फार्मसिस्टशिवाय निघत नाही, कीटकनाशकं विकायला कृषी किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण नाहीतर ठरवून दिलेला डिप्लोमा लागतो, सरकारी इलेक्ट्रिकल कामाला परवाना लागतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या छोट्या कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव वाटा असतो, त्यावर आमच्या तालुक्यात बऱ्याच सिव्हिलवाल्या पोरांनी हातपाय पसरले. पण गेट-ग्रिल-शेडच्या धंद्याला यातलं काही लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नंबरही सक्तीचा नाही. मोठ्या कंपनीची जॉबवर्कची (माल त्यांचा, काम आपलं) कामं घ्यायची ठरवली तर मात्र जीएसटी आधीच काढावा लागेल, नाहीतर ते दारात उभं करत नाहीत.

बँकेचं म्हणाल तर गंमत आहे. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, आणि १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट काय, तर आठवी पास. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के आणि विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा हिस्सा दहा किंवा पाच टक्के. इथे एक गैरसमज काढून टाका. हे अनुदान हातात रोख मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं आणि धंदा चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं केलं जातं. मधे दुकान बंद पडलं तर तेही हातचं जातं. मराठा समाजातल्या तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, मुद्रा कर्ज आहे, बरंच काही आहे. पण शाखेत बसलेला मॅनेजर मार्कलिस्ट मागत नाही. तो विचारतो, "याआधी कुठे काम केलंय? गिऱ्हाईक कोण आहे? खात्यावर व्यवहार दाखवा." अठरा वर्षांच्या पोराकडे या तिन्हींना उत्तर नसतं. वर्षभर काम केलेल्या आणि पगार बँकेत घेतलेल्या पोराकडे असतं.

लग्नाचा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण घरात तो निघालाच असणार. "मुलगा काय करतो?" याला "बीई आहे, कंपनीत आहे" हे उत्तर आज आपल्याकडे "स्वतःचं वर्कशॉप आहे" यापेक्षा जास्त चालतं, मग कंपनीत तो कंत्राटी का असेना. मी हे बरोबर म्हणत नाही. पण आईवडील डिग्रीसाठी अडून बसले असतील तर त्यांच्या मनातली भीती ही आहे, नोकरीची नाही. आणि त्या भीतीवर दहा लाखांच्या कॉलेजपेक्षा स्वस्त इलाज आहेत.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. पुण्याजवळची ती जागा दहा लाखांना घेतली नसती. भावाच्या हातात दहा लाखही दिले नसते. त्याला आधी एक वर्ष एखाद्या चालत्या फॅब्रिकेशनमध्ये कामाला घातलं असतं. विट्यात नको, ओळखीचे लोक लाड करतात. कराड, सांगली किंवा कोल्हापूरकडे, जिथे शेडची आणि कारखान्याची कामं होतात तिथे. पगार आठ-दहा हजार मिळाला तरी चालेल. अट एकच, की त्याने नुसतं वेल्डिंग करू नये. माप घ्यायला, लोखंड आणायला आणि वसुलीला मालकाबरोबर जावं. वर्षाच्या शेवटी त्याच्या वहीत दहा कामांचा असा हिशेब असला पाहिजे जसा मी वर गेटचा मांडला. तो हिशेब त्याला मांडता आला तर मी बिनधास्त दोन-अडीच लाख देईन. नाही मांडता आला, किंवा तिसऱ्या महिन्यात "धूर सहन होत नाही" म्हणून तो घरी आला, तरी तुमचा रुपया गेला नाही, आणि पुढच्या वर्षी कॉलेज कुठे पळून जात नाही.

पण वर्ष रिकामं गेलं असं घरच्यांना वाटू नये, म्हणून शिक्षणाचा एक धागा सोबत ठेवावा. इथे दोन रस्ते आहेत. एक, शासकीय आयटीआयचा वेल्डर ट्रेड. एक वर्षाचा कोर्स, फी नगण्य, आणि हातात सरकारी प्रमाणपत्र. बारावी सायन्स झालेल्या पोराला आयटीआय म्हटलं की कमीपणा वाटतो, पण ज्याला फॅब्रिकेशनच करायचंय त्याला यात लाजण्यासारखं काय आहे? दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मिरज किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल मिळालं तर दोन वर्षांत डिप्लोमा, फी वर्षाला दहा हजारांच्या आसपास. पुढे वाटलं तर डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सरळ चार वर्षांऐवजी पाच वर्षं लागतील, पण दोन वर्षांनी हातात काहीतरी घेऊन थांबता येतं, आणि डिप्लोमावाला डिग्रीला गेला तर ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये सहसा इतरांच्या पुढे असतो. सुट्ट्यांत फॅब्रिकेशनवर काम. यंदाचे राउंड सुरू असतील तर तारखा आजच बघा, हे "बघू नंतर" म्हणण्यासारखं नाही. नुसती पदवीच हवी असेल, एमपीएससीचं दार उघडं ठेवायला किंवा आईवडिलांच्या समाधानासाठी, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करत बीकॉम करता येतं. वर्कशॉपवाल्याला जमाखर्च कळला तर माझ्यासारख्याची फीसुद्धा कमी होते.

हे सगळं कधी बदलेल? भावाला सीओईपी, वालचंद किंवा एखादं चांगलं शासकीय कॉलेज मिळालं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं, सरळ घाला म्हणालो असतो. कॅपमधून निम्म्या फीत घराजवळ जागा मिळत असेल आणि भाऊ गणितात बरा असेल, तरीही डिग्री घ्या म्हणेन, मग डोक्यात धंदा असला तरी. उलट, वडिलांची स्वतःची रस्त्यालगत जागा असेल, किंवा एखादे मामा-काका आधीच या धंद्यात असतील आणि भाऊ गेली दोन वर्षं सुट्टीत त्यांच्याकडे खरोखर राबला असेल, तर त्याचं ते एक वर्ष झालंच म्हणायचं; लगेच छोटं सुरू करायला माझी हरकत नाही. आणि भावाला वर्कशॉप हवंय की फक्त इंजिनिअरिंगच्या मॅथ्स-३ मधून सुटका, हे तुम्हीच ओळखा. त्याला सकाळी सहाला उठवून चार दिवस एखाद्या साइटवर पाठवा, कळेल.

शेवटी पैसे देण्याबद्दल, कारण बहिणी इथेच अडकतात. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची आयकरात वजावट मिळते असं कोणी सांगितलं असेल, तर ती स्वतःच्या, नवरा-बायकोच्या, मुलांच्या किंवा तुम्ही कायदेशीर पालक असाल अशा विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी आहे. भावाच्या शिक्षणासाठी तुम्ही कर्ज काढलं तर ती तुम्हाला मिळणार नाही, आणि नव्या कर प्रणालीत असाल तर प्रश्नच नाही. भावाला धंद्यासाठी पैसे दिले तर त्याला त्यावर कर लागत नाही, बहीण-भावातली भेट करमुक्त आहे. तरी रोख देऊ नका. खात्यावरून द्या, आणि भेट की उसने हे एका कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवा. उसने असतील तर त्याच्या धंद्याच्या वहीत तुमचं नाव कर्जदात्या म्हणून यायला हवं. उद्या दुकान चाललं, भावाचं लग्न झालं, वाटण्या निघाल्या, तेव्हा तुमचे अडीच लाख कुठे गेले हे तोंडी कोणाला आठवत नाही.

बँकेने तुम्हाला सहकर्जदार किंवा जामीनदार व्हायला सांगितलं तर दोनदा विचार करा. छोट्या उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा बँकांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तरी शाखा "ताईंची सही घ्या" म्हणतेच, कारण तुमची पगाराची स्लिप त्यांना दिसते. सही केलीत की ते कर्ज तुमच्या सिबिलवर दिसतं, आणि त्याने हप्ता चुकवला तर स्कोअर तुमचा पडतो. पुण्यात फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर आधी तुमचं होमलोन मंजूर होऊन पहिला हप्ता जाऊ द्या, मग भावाच्या कागदावर सही करायची की नाही ते ठरवा.